अमूर्त चित्रांचे एकल प्रदर्शन: निवडीपासून उतरवणीपर्यंत

एकल प्रदर्शनाचा माझा प्रस्ताव गॅलरीने स्वीकारला आणि तसे कळवणाऱ्या पत्रासोबत दालनाचा नकाशा पाठवला. भिंतींची लांबी आणि उंची, दाराची जागा, छतावरील दिव्यांच्या पट्ट्या आणि मध्येच उभा असलेला एक अडचणीचा खांब हे सारे त्यात मापांसह दाखवले होते. समूह प्रदर्शनांत मी यापूर्वी भाग घेतला होता. तेथे आपली एक-दोन चित्रे इतरांच्या कामाशेजारी लागतात आणि त्यांच्या अवतीभवती काय असावे हे ठरवणे आपल्या हाती नसते. एकल प्रदर्शनात संपूर्ण दालन एकाच हाताच्या कामाने भरायचे असल्यामुळे प्रत्येक चित्राचा शेजारसुद्धा आपणच निर्माण केलेला असतो. पुढच्या सगळ्या तयारीत मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो या शेजाराने.

स्टुडिओत काम करताना एका वेळी एकच चित्र डोळ्यांसमोर असते आणि बाकीची भिंतीकडे तोंड करून उभी असतात. निवडीसाठी मी गेल्या काही वर्षांतली सगळी चित्रे एकदम उलटी फिरवून रांगेने ठेवली, तेव्हा एकेकटे पाहताना कधीच न जाणवलेल्या गोष्टी दिसू लागल्या. चित्राचा भार मी बहुतेक वेळा डाव्या खालच्या भागात टाकते. गेरूच्या जवळचा एक तपकिरी रंग जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कोणत्या तरी थराखालून डोकावतो. आणि मध्याच्या किंचित वर एक आडवा पट्टा, कधी स्पष्ट तर कधी पुसट, पुन्हापुन्हा येतो. सवयी असणे मला गैर वाटत नाही, कारण चित्रकाराची ओळख बऱ्याच अंशी त्यांतूनच घडते. परंतु त्या आडव्या पट्ट्याने मला अस्वस्थ केले. आडव्या कॅनव्हासवर असा पट्टा आला की पाहणाऱ्याचा डोळा त्याला क्षितिज मानतो. त्याच्या वरचा भाग आकाश होतो, खालचा भाग जमीन किंवा पाणी होतो, आणि अमूर्त म्हणून रंगवलेले चित्र नकळत निसर्गचित्र म्हणून वाचले जाते.

त्यानंतरची निवड मी पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत केली. दालनाची १:२० प्रमाणातली प्रतिकृती तयार करून, म्हणजे एक मीटर भिंतीसाठी ५ सेंटिमीटर पुठ्ठा धरून, त्याच प्रमाणात छापलेली चित्रांची छोटी छायाचित्रे मी तिच्या भिंतींवर तात्पुरती चिकटवली. हीच कामे आता संगणकावरही करता येतात आणि अनेक गॅलऱ्या तशी सोय देतात. तरी खाली वाकून, प्रतिकृतीच्या दारातून आत डोकावून, आत येणाऱ्या माणसाला सर्वप्रथम काय दिसेल हे पाहण्यात जी खात्री मिळते ती पडद्यावर मला मिळाली नाही. दारासमोरच्या भिंतीवर सर्वांत मोठे चित्र लावावे हा सर्वसाधारण प्रघात आहे. मी तेथे मध्यम आकाराचे, फिकट राखाडी चित्र ठेवले, कारण मोठे चित्र समोर आले की लोक थेट त्याच्याकडे चालत जातात आणि बाजूच्या भिंती मागे पडतात.

शेजारी ठेवलेल्या रंगांचा परिणाम चित्रकाराला अनुभवाने ठाऊक असतो, पण त्याची शिस्तशीर मांडणी मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केली. पॅरिसमधील गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत असल्याचे त्याच्या लक्षात आले आणि १८३९ मध्ये त्याने समकालिक विरोधाचा नियम, म्हणजे शेजारशेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात हा नियम, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रतिकृतीत मला याचा लगेच प्रत्यय आला. दारासमोरच्या त्या राखाडी चित्राशेजारी मी शेंदरी रंगाचे एक चित्र लावून पाहिले, तर राखाडीत हिरवट झाक दिसू लागली. तेच निळ्या चित्राजवळ नेले तेव्हा ते उबदार, जवळजवळ मातकट वाटले. राखाडीत कोणताही फरक मी केलेला नव्हता. वस्तूचे चित्र असते तर पाहणाऱ्याने ढग ढगाच्याच रंगाचा आहे असे मनाशी समजून घेतले असते. अमूर्त चित्रात अशी सावरून घेणारी ओळखीची वस्तू नसते, म्हणून शेजार बदलला की चित्राचा स्वभावच बदलतो. शेंदरी चित्र अखेर मी पूर्णपणे वगळले. ते त्या काळातले माझे बरे काम होते आणि गॅलरीच्या क्युरेटरलाही, म्हणजे प्रदर्शनाची आखणी पाहणाऱ्या व्यक्तीलाही, ते आवडले होते, पण कोणत्याही भिंतीवर ते इतर चित्रांना स्वतःसारखे राहू देत नव्हते.

कालक्रमाने मांडणी करण्याची सूचना मी मानली नाही. पुनरावलोकनात्मक प्रदर्शनात काळाचा क्रम उपयोगी पडतो, कारण तेथे वाटचाल हाच विषय असतो. माझ्या चित्रांमध्ये वर्षांपेक्षा थरांच्या घनतेचा फरक महत्त्वाचा होता. पातळ, झिरपणाऱ्या थरांची चित्रे एका भिंतीवर आणि सुरीने लावलेल्या जाड रंगाची चित्रे तिच्या समोरच्या भिंतीवर अशी रचना केली, तर मधून चालणाऱ्या माणसाला दोन्हींत सतत तुलना करता येईल, असा माझा विचार होता. दोन चित्रांमधली मोकळी भिंत मी नेहमीपेक्षा अधिक ठेवली. माझ्या चित्रांना चौकट नसल्यामुळे भोवतीची पांढरी जागाच चौकटीचे काम करते, आणि ती अपुरी पडली की एका चित्राची कड दुसऱ्याच्या रचनेत शिरते.

शीर्षकांवर क्युरेटरशी बराच वेळ चर्चा झाली. अमूर्त चित्रकारांनी हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे सोडवलेला आहे. कांदिन्स्कीने संगीतातून संज्ञा घेऊन आपल्या महत्त्वाच्या चित्रांना क्रमांकासह 'रचना' म्हटले; जॅक्सन पोलॉकने १९४८च्या सुमारास चित्रांना केवळ क्रमांक देण्यास सुरुवात केली; आणि वासुदेव गायतोंडे यांची बहुतेक उत्तरकालीन चित्रे शीर्षकाविनाच आहेत. क्युरेटरचे म्हणणे असे होते की शीर्षक नसेल तर लोक चित्राबद्दल एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि विक्रीच्या नोंदीतही गोंधळ होतो. हे म्हणणे व्यावहारिकदृष्ट्या बरोबर होते. दुसरीकडे, 'पहाट' किंवा 'विरह' असे काही लिहिले की पाहणारा चित्र सोडून त्या शब्दाचा पुरावा शोधू लागतो. शेवटी क्रमांक आणि वर्ष एवढेच द्यायचे ठरले, आणि तेसुद्धा चित्राशेजारी न लावता दाराजवळ ठेवलेल्या यादीत. भिंतीवर अक्षर नसले की माणूस आधी चित्र पाहतो, हा माझा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरला, जरी काही जण यादी हातात येईपर्यंत चित्रांकडे पाहायलाच तयार नव्हते.

कराराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विक्रीतील गॅलरीचा वाटा (तो अनेक ठिकाणी निम्म्यापर्यंत असतो), विक्रीनंतर किती मुदतीत पैसे मिळतील, वाहतूक आणि विमा कोणाकडे, चित्रे गॅलरीच्या ताब्यात असताना नुकसान झाल्यास भरपाई कोणत्या किमतीवर, आणि प्रदर्शनानंतर स्टुडिओतून परस्पर विक्री झाली तर गॅलरीचा हक्क किती काळ राहील, एवढे मुद्दे लेखी असले म्हणजे पुरते. किमती मी आकारमानानुसार ठरवल्या. एकाच मापाच्या दोन चित्रांपैकी मला प्रिय असलेल्याची किंमत वाढवण्याचा मोह होतो, पण त्याचे कारण ग्राहकाला सांगता येत नाही.

चित्रे पाठवण्यापूर्वीची तयारी मात्र वेळखाऊ होती. तैलरंग पाणी उडून जाऊन वाळत नाहीत. तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते आणि या क्रियेला जाड थरांत महिनोन्महिने लागतात. वरून कोरडा वाटणारा थर आतून ओला असू शकतो, म्हणून अंतिम व्हार्निश साधारणपणे सहा महिने ते वर्षभर थांबून लावावे असा संकेत आहे. माझी सर्वांत अलीकडची दोन तैलचित्रे त्यामुळे व्हार्निशविनाच गेली, आणि त्यांचा पृष्ठभाग शेजारच्या चित्रांपेक्षा थोडा निस्तेज दिसतो हे मांडणीत गृहीत धरावे लागले. ॲक्रिलिकची अडचण वेगळी आहे. ते लवकर वाळते, परंतु त्याचा थर नेहमीच्या तापमानालाही थोडा मऊ राहतो आणि उष्णतेत चिकटपणा धरतो. बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट त्याच्यावर गुंडाळले, तर गोल ठसे कायमचे उमटतात. म्हणून प्रत्येक ॲक्रिलिक चित्रावर आधी सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद, मग कोपऱ्यांना फोमचे तुकडे, आणि त्यावर बुडबुडे बाहेरच्या बाजूला येतील असे प्लास्टिक, या क्रमाने बांधणी केली. सैल पडलेले कॅनव्हास मागच्या लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकून ताणून घेतले.

चित्राच्या पाठीवर मी सही, वर्ष, माध्यम आणि माप लिहिते, आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढते. या बाणाची अनेक जण थट्टा करतात. त्यांना मोंद्रियान या डच अमूर्त चित्रकाराच्या 'न्यूयॉर्क सिटी १' या १९४१च्या कामाची हकिगत सांगावीशी वाटते. रंगीत चिकटपट्ट्यांचे ते अपूर्ण, सही नसलेले काम १९८०पासून जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात ज्या बाजूने टांगलेले आहे ती बाजू बहुधा उलटी असल्याचे २०२२ मध्ये पुढे आले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर लगेच त्याच्या स्टुडिओत घेतलेल्या छायाचित्रात ते दुसऱ्या बाजूने उभे दिसते. जुन्या, सैल झालेल्या पट्ट्यांवर नव्या दिशेने ताण येऊन त्या सुटतील या भीतीने संग्रहालयाने ते सरळ न करता तसेच ठेवले. एक बाण असता तर हा प्रश्न उद्भवला नसता.

टांगणीच्या दिवशी प्रथम प्रत्येक चित्र उघडून त्याच्या स्थितीची नोंद झाली: कोपरे, कडा, पृष्ठभागावरील ओरखडे, सोबत छायाचित्रे, आणि खाली माझी व गॅलरीची सही. त्यानंतर सगळी चित्रे ठरलेल्या जागी जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवली आणि तासभर कोणीही खिळा ठोकला नाही. प्रतिकृतीत अचूक वाटलेली एक जोडी प्रत्यक्षात जमत नव्हती, कारण छोट्या छापील प्रतींत पोत दिसत नाही आणि त्यातल्या एका चित्राचा खरखरीतपणा दुसऱ्या चित्राला पोकळ ठरवत होता. त्यांची अदलाबदल केल्यावर मग हिशोब सुरू झाला. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर, म्हणजे सरासरी उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर ठेवतात. आम्ही १५० धरले. त्यात चित्राच्या निम्मी उंची मिळवायची आणि ताणलेली तार चित्राच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितके वजा करायचे. १२० सेंटिमीटर उंच चित्राची तार १२ सेंटिमीटर खाली येत असेल, तर हूक १९८ सेंटिमीटरवर येतो. मोठ्या चित्रांना दोन हूक दिले, त्यामुळे ती तिरकी होत नाहीत.

सर्वांत मोठ्या चित्राबाबत मी हा नियम मोडण्याचा आग्रह धरला. मार्क रॉथ्को या अमेरिकी अमूर्त चित्रकाराने १९६१ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतील प्रदर्शनासाठी लेखी सूचना दिल्या होत्या. मोठी चित्रे शक्य तितकी जमिनीजवळ, सहा इंचांहून अधिक वर नसावीत असे त्याने त्यात म्हटले होते, कारण ती तशीच रंगवलेली होती. माझेही ते चित्र जमिनीवर, भिंतीला टेकवून रंगवलेले होते आणि त्याचा खालचा भाग मी गुडघ्यांवर बसून केला होता. ते खाली आणल्यावर त्यातला आडवा पट्टा डोळ्यांच्या पातळीखाली गेला आणि क्षितिजासारखा वाटेनासा झाला. पायांचे धक्के लागतील ही गॅलरीच्या माणसांची शंका रास्त होती; म्हणून समोर जमिनीवर एक बारीक करडी पट्टी चिकटवून घेतली.

प्रकाशयोजनेला टांगणीइतकाच वेळ लागला. दिवा चित्रावर उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांच्या कोनात पडला, तर पृष्ठभागावरची चकाकी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. कोन याहून कमी केला, म्हणजे दिवा भिंतीजवळ नेला, तर जाड रंगाच्या प्रत्येक उंचवट्याखाली सावली पडते. सुरीने रंगवलेल्या भिंतीवर मला या सावल्या थोड्या प्रमाणात हव्या होत्या, पातळ थरांच्या भिंतीवर मुळीच नको होत्या. दिव्यांचा रंगदर्शक निर्देशांक (त्यांच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) ९०च्या वर असल्याची खात्री आधीच करून घेतली होती. तरीही ३००० केल्व्हिनच्या उबदार प्रकाशात (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश थंड, निळसर) माझे निळे थोडे मंदावले, कारण मी उत्तरेच्या थंड, नैसर्गिक उजेडात रंगवते. क्युरेटरने त्या भिंतीपुरते ४००० केल्व्हिनचे दिवे बसवले; मग दोन भिंतींवरच्या पांढऱ्यांत फरक दिसू लागला. शेवटी दालनभर ३५०० केल्व्हिनवर तडजोड झाली. रंग तयार करतानाच प्रदर्शनाच्या प्रकाशात एकदा तपासून पाहावेत, एवढे मी तेथून शिकून आले.

कागदावरची कामे वेगळ्या, अंधुक कोपऱ्यात लावली. तैल आणि ॲक्रिलिक चित्रांना सुमारे २०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) चालतात, कागदावरच्या जलरंगांना ५० लक्सच्या आसपास ठेवण्याची शिफारस असते, कारण प्रकाशाची हानी साठत जाते आणि भरून येत नाही. याचे सर्वपरिचित उदाहरण पुन्हा रॉथ्कोचेच आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९६४ मध्ये लावलेली त्याची भित्तिचित्रे मोठ्या खिडक्यांच्या उजेडात इतकी फिकी पडली, की १९७९ मध्ये ती काढावी लागली. त्यांतला लिथॉल रेड हा रंग प्रकाशाला टिकणारा नव्हता. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली, तेव्हा मूळ रंगांचा भास होण्यासाठी त्यांच्यावर संगणकाने आखलेला रंगीत प्रकाश टाकावा लागला.

प्रदर्शनासोबत द्यायच्या निवेदनाचा मजकूर लिहिणे मला चित्रांहून कठीण गेले. पहिल्या मसुद्यात 'अवकाश', 'अंतर्मन' आणि 'शोध' हे शब्द इतक्या वेळा आले होते, की ते कोणत्याही चित्रकाराच्या नावाखाली छापता आले असते. ते सगळे काढून मी केवळ चित्र कसे घडते ते लिहिले: आधी गडद थर, तो अर्धवट वाळल्यावर त्यावर फिकट थर, मग ओल्या फडक्याने पुसणे, आणि पुसताना खालचे जे उघडे पडेल त्यानुसार पुढचा निर्णय. मजकूर अर्ध्या पानात बसला.

उद्घाटनाला गर्दी होती, आणि गर्दीत चित्रे कोणी पाहत नाही. खरी भेट नंतरच्या दुपारांत झाली, जेव्हा मी दालनात बाकावर बसून असे. 'हे काय आहे?' हा प्रश्न अर्थातच आला, कधी संकोचाने, कधी आव्हान दिल्यासारखा. 'तुम्हाला जे दिसते ते' हे उत्तर प्रचलित आहे. मला ते टाळाटाळीचे वाटते, कारण त्यातून पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही. मी त्यांना चित्राच्या कडेकडे घेऊन जाई. माझ्या कॅनव्हासच्या कडांवर खालच्या थरांचे ओघळ तसेच राहिलेले असतात, त्यामुळे वरच्या राखाडीखाली कोणकोणते रंग दडले आहेत ते तेथे स्पष्ट वाचता येते. एकदा ते पाहिले, की माणूस समोर येऊन तेच रंग पृष्ठभागावर शोधू लागतो, आणि 'हे काय आहे' ऐवजी 'हे का झाकले' असे विचारतो. या दुसऱ्या प्रश्नावर बोलता येते. एका गृहस्थांनी एक लाल भाग झाकायला नको होता असे ठामपणे सांगितले. त्यांचे कारण मला पटले नाही, पण त्यांनी चित्र पाहिले होते यात शंका नव्हती.

चित्र विकले गेल्याची खूण असलेले लाल ठिपके थोडेच लागले. जी चित्रे विकली गेली त्यांत मला अपेक्षित असलेले एकही नव्हते, आणि दारासमोरच्या राखाडी चित्राबद्दल विचारणा अनेकांनी केली तरी ते कोणी नेले नाही. माझा अंदाज असा, की प्रत्येक जण ते त्या पांढऱ्या, मोकळ्या भिंतीसह पाहत होता आणि तशी भिंत कोणाच्या घरी नसते.

निसर्गचित्राबाबतची माझी अस्वस्थता मात्र खरी ठरली. निरनिराळ्या लोकांनी, एकमेकांशी न बोलता, आडव्या चित्रांपुढे समुद्र, धुके आणि पावसाळी माळरान यांचा उल्लेख केला. जमिनीजवळ लावलेल्या चित्रापुढे तसे कोणी म्हटले नाही, आणि चौरस आकाराच्या दोन चित्रांपुढेही नाही. आडवा आकार निसर्गाकडे आणि उभा आकार मानवाकृतीकडे ओढतो, हे वाचून माहीत होते. येथे त्यातली पहिली गोष्ट अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकायला मिळाली, आणि तीही एकाच दालनात आडवे आणि चौरस असे दोन्ही प्रकार शेजारी असल्यामुळेच.

उतरवणीला अर्धा दिवस लागला. स्थितीच्या नोंदी पुन्हा तपासल्या, एका कॅनव्हासच्या कोपऱ्यावरची नवी चीर नोंदवून गॅलरीने भरपाई मान्य केली, विकलेली चित्रे बाजूला बांधून ठेवली, हूक काढून भोके लांबी (पुट्टी) भरून बुजवली. हिशोब करारातल्या मुदतीत मिळाला. परत आलेली चित्रे मी या वेळी भिंतीकडे तोंड करून ठेवली नाहीत; वगळलेले शेंदरी चित्रही त्यांच्यात उभे केले आहे. पुढच्या कामासाठी सगळे स्ट्रेचर (कॅनव्हास ताणण्याचे लाकडी सांगाडे) चौरस मागवले आहेत, १०० बाय १०० सेंटिमीटरचे. मध्याच्या वरचा तो पट्टा त्यांच्यावर येतो की नाही, हे पहिले काही कॅनव्हास भरल्यावर कळेल.